घर घेताना लोक कशावर पाणी सोडतात? आणि त्यातलं काय नंतर परत मिळवता येत नाही?

सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलात तर एक गोष्ट करून बघा. बेडरूममधल्या पलंगाची लांबी टेपने मोजा. अनेक ठिकाणी तो नेहमीच्या पलंगापेक्षा अर्धा-पाऊण फूट आखूड निघतो. सोफा अरुंद असतो, कपाट कमी खोलीचं असतं आणि खोल्यांना दारं बसवलेलीच नसतात. त्यामुळे खोली मोठी वाटते. रविवारी सकाळी साइट व्हिजिटला आलेलं कुटुंब चहा घेतं, बाल्कनीत उभं राहून फोटो काढतं आणि परतीच्या वाटेवर गाडीत खरी चर्चा सुरू होते: "बाकी सगळं चांगलंय, पण…"

या 'पण'नंतर जे येतं, त्याचाच हा लेख. मुंबई महानगर आणि पुण्यात मध्यमवर्गीय कुटुंबाला हवं ते सगळं असलेलं घर सहसा परवडत नाही. स्टेशनपासून जवळ, दोन बेडरूम, भरपूर उजेड, चोवीस तास पाणी, पार्किंग, ओसी आलेली इमारत आणि बजेटमध्ये, या यादीतलं काहीतरी खोडावंच लागतं. प्रश्न एवढाच, की काय खोडायचं.

पहिली तडजोड पैशांची, आणि ती घर बघण्याआधीच होते

"बँक ऐंशी टक्के देते" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. तुमचा पगार आणि आधीचे हप्ते बघून बँक कमीही देते.

पुण्यात ६० लाखांचा, बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घ्यायचा ठरवला असं धरू. बँकेचे ४८ लाख, खिशातले १२ लाख. इथपर्यंत सगळ्यांचा हिशोब बरोबर असतो. पुढे ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार आणि ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख. एकूण साडेसात लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक सहसा घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे तो घरूनच द्यायचा. म्हणजे १२ लाखांची तयारी केलेल्या कुटुंबाला प्रत्यक्षात साडेएकोणीस लाख लागतात. त्यात अजून ग्रिल, पंखे, किचनची ट्रॉली आणि सामानाचा टेम्पो धरलेला नाही.

इथे थोडा दिलासा म्हणजे, घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ते ६० हजार होतात. शिवाय ओसी मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी लागत नाही.

हा वरचा खड्डा भरायला लोक काय करतात? दागिने मोडतात, पीएफ काढतात, सासऱ्यांकडून उसने घेतात. काही जण पर्सनल लोन घेतात, आणि ही सगळ्यात वाईट तडजोड. कारण ज्या महिन्यात घराचा हप्ता सुरू होतो त्याच महिन्यात जास्त व्याजाचा दुसरा हप्ताही मानेवर बसतो.

दुसरी तडजोड मुदतीची. ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ४१,६५० रुपये येतो. ३० वर्षांसाठी घेतलं तर ३६,९०० रुपये. महिन्याला पावणेपाच हजार वाचतात म्हणून अनेक जण ३० वर्षं निवडतात. पण एकूण व्याज बघितलं तर २० वर्षांत ते सुमारे ५२ लाख होतं आणि ३० वर्षांत सुमारे ८५ लाख. फरक ३३ लाखांचा. अर्थात पगार वाढल्यावर मधूनमधून जादा रक्कम भरून मुदत कमी करता येते आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींना त्यासाठी दंड लागत नाही. त्यामुळे ही तडजोड दुरुस्त होणाऱ्यांपैकी आहे, फक्त ती दुरुस्त करायचं लक्षात राहावं लागतं.

आणि "टॅक्स तरी वाचेल" हे कारण आता तपासून घ्यावं लागेल. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही.

लांब पण मोठं, की जवळ पण छोटं?

मुंबईत मराठी माणसाच्या घराचा इतिहास हा बऱ्याच अंशी याच एका प्रश्नाचा इतिहास आहे. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराची खोली आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. पण स्टेशन, बाजार, शाळा आणि के.ई.एम. हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून निघालेली कुटुंबं डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरारला गेली ती 'सेल्फ कंटेन्ड' घरासाठी, म्हणजे ज्याला स्वतःचं न्हाणीघर आणि संडास आहे अशा घरासाठी. आज हा शब्द ऐकून तरुणांना हसू येईल, पण एका पिढीने त्या दोन दारांसाठी रोजचे तीन तास रेल्वेला दिले.

सीएसएमटीपासून डोंबिवली रेल्वेमार्गाने सुमारे ४८ किलोमीटर, बदलापूर सुमारे ६८. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. जाहिरातीत 'स्टेशनपासून ५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं ते रिक्षाने, रस्ता मोकळा असताना, आणि बहुधा रात्री अकरा वाजता. खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा: शेअर रिक्षाची रांग, पूल, लोकलची वाट, पहिली गर्दीमुळे सुटलेली गाडी, आणि उतरल्यावर पुन्हा बस किंवा चालणं. एका बाजूने दीड तास धरला आणि महिन्याचे २५ दिवस, तर ७५ तास होतात. म्हणजे महिन्यातले तीन पूर्ण दिवस-रात्र आणि वर तीन तास.

हे फक्त कंटाळ्याचं प्रकरण नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने जाऊन त्याच गाडीने 'रिटर्न' येणारे प्रवासी बदलापूर-अंबरनाथला रोज दिसतात. घराच्या किमतीत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

या तडजोडीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. अंतर सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील आणि घर लांब घेतलं, तर मूल झाल्यावर 'कोणीतरी लवकर घरी यायला हवं' हा प्रश्न येतो. अनेक घरांत तेव्हा बाईच जवळची, कमी पगाराची नोकरी शोधते किंवा नोकरी सोडते. म्हणजे लांबच्या घरात वाचलेले दहा लाख तिच्या पगारातून हळूहळू परत जातात. म्हणूनच काही जोडपी मोठं घर सोडून आई-वडिलांच्या घरापासून दोन स्टेशनांवर वन बीएचके घेतात. आजी-आजोबा, पाळणाघर आणि आजारपणात धावून येणारं कोणी, यांचं मोल चौरस फुटात काढता येत नाही, पण ते असतं.

छोटं घर जवळ घेण्याचा त्रास वेगळा. मूल दहावीला जाईपर्यंत वन बीएचके पुरतं, नंतर अभ्यासाची जागा, झोपण्याची जागा आणि आजोबांचा टीव्ही एकाच खोलीत येतात. मुंबईत त्यावर 'जोडी फ्लॅट'चा उपाय असायचा, शेजारचा छोटा फ्लॅट विकायला निघाला की घेऊन मधली भिंत काढायची. त्यासाठी शेजाऱ्याने योग्य वेळी घर विकायला काढावं लागतं, हा भाग नशिबाचा. शिवाय मधली भिंत काढायला सोसायटी आणि महापालिकेची परवानगी लागते. ती न घेता केलेल्या तोडफोडीचा भुर्दंड अख्ख्या इमारतीला पडू शकतो.

मेट्रो येणार आहे, या वाक्यावर किती पैसे मोजायचे?

लांबचं घर विकताना हमखास येणारं वाक्य म्हणजे "दोन वर्षांत मेट्रो सुरू होईल". नवी मुंबईचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि प्रवासी सेवा सुरू झाली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. खारघर-तळोज्यात त्या काळात घर घेतलेल्यांच्या पहिलीतल्या मुलांनी तोवर बारावी ओलांडली होती.

याचा अर्थ मेट्रो येतच नाही असा नाही. मुंबईत दहिसर-अंधेरी पट्ट्यात २०२२-२३ मध्ये २अ आणि ७ या मार्गिका सुरू झाल्या आणि लोकांचा प्रवास बदलला. मुद्दा असा, की मेट्रो नसताना, आजच्या रस्त्याने आणि आजच्या बसने ते घर चालणार असेल तरच घ्यावं. मेट्रो आली तर तो बोनस.

चौरस फूट: कार्पेट, बिल्टअप आणि 'सेलेबल'

स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानंतर घराची विक्री चटई क्षेत्रावर म्हणजे कार्पेट एरियावरच व्हायला हवी. यात घराच्या आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी टेरेस धरले जात नाहीत.

तरीही बोलताना आजही 'सेलेबल एरिया' ऐकू येतो. "नऊशे पन्नासचा टू बीएचके" म्हणून सांगितलेलं घर करारनाम्यात साडेसहाशे कार्पेट निघतं. म्हणून दोन घरांची तुलना करताना दोन्हींचं कार्पेट घ्या आणि एकूण किंमत त्याने भागा. 'कॉम्पॅक्ट टू बीएचके' आणि 'अडीच बीएचके' या नावांत कोणती खोली प्रत्यक्ष किती बाय किती आहे ते नकाशात बघा. आठ बाय नऊच्या खोलीत डबल बेड ठेवला की कपाटाचं दार उघडत नाही. दुसऱ्या बेडरूममध्ये कोण झोपणार, हे माहीत असेल तर ती खोली किती लहान चालेल हेही ठरवता येतं.

पार्किंगचंही असंच. रेरानुसार खुलं पार्किंग हा सामाईक जागेचा भाग आहे, ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. आच्छादित पार्किंग घेत असाल तर त्याची लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारात नमूद करणं महारेराने २०२४ मध्ये बंधनकारक केलं. खांबाला खेटून असलेल्या जागेत गाडी लावली की दार उघडत नाही, अशा तक्रारी इतक्या आल्या की हे करावं लागलं.

उजेड आणि हवा मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नसते. खिडकीसमोर आज मोकळा प्लॉट असेल तर तो उद्याही मोकळा असेल असं नाही. शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते बघता येतं. तिथे बाग किंवा मैदानाचं आरक्षण असेल तर गोष्ट वेगळी, निवासी असेल तर चार वर्षांत समोर टॉवर उभा राहील असं धरून चाला.

जाता जाता वास्तूबद्दल. ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तो ठेवावा, पण ज्यांचा नाही त्यांच्यासाठी दक्षिणमुखी घर म्हणजे भाव करायची संधी असते. गिऱ्हाईक कमी असल्यामुळे असे फ्लॅट शेवटपर्यंत उरतात. फक्त पुढे विकताना तुमचं गिऱ्हाईकही कमी असेल.

तयार घर, बांधकाम सुरू असलेलं घर की जुन्या सोसायटीतलं?

बांधकाम सुरू असलेलं घर स्वस्त पडतं, कारण खरेदीदार वाट बघण्याची जोखीम घेतो. या काळात सध्याच्या घराचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू असतं. प्रकल्प दोन वर्षं लांबला तर स्वस्ताई तिथेच संपते. रेरामुळे काही संरक्षण आहे: ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत किंवा दर महिन्याचं व्याज मागता येतं. पण महारेराचा आदेश हातात पडणं आणि पैसे खात्यात येणं यात बरंच अंतर असतं. वसुली जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते आणि बिल्डर दिवाळखोरीत गेला असेल तर ती अडकते.

जुन्या सोसायटीतलं रिसेलचं घर याच्या उलट. जागा मोक्याची, खोल्या ऐसपैस, शेजार ओळखीचा होणारा. पण चौथा मजला आणि लिफ्ट नाही. तिशीत हे चालतं. मात्र घरात आई-वडील असतील, त्यांचे गुडघे दुखत असतील, तर ते हळूहळू खाली उतरणंच सोडतात. भाजी, देऊळ, कट्ट्यावरच्या गप्पा सगळं सुटतं. रिसेल घर बघायला जाताना त्यांना एकदा सोबत न्यावं आणि जिन्यात कुठे थांबतात ते बघावं.

वरचा मजला असेल तर पावसाळ्यात गच्चीतून गळती होते का हे विचारावं. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीने करायची असते, पण दुरुस्ती निधीत पैसे नसतील तर नियम भिंतीवर आणि पाणीही भिंतीवर. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी अपेक्षित आहे. शेवटचा अहवाल मागायला संकोच करू नका.

जुनं घर घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पुनर्विकास असतो. २०१९ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनंतर पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणून ते वेगाने होतंच असं नाही. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावावर झालंय का हा पहिला प्रश्न. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण त्यात वेळ जातो. आणि हस्तांतरणाच्या वेळी सोसायटीने २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम मागितला तर तो नियमबाह्य आहे. 'देणगी' या नावाने मागितला तरी.

पाणी: कमी आणि जास्त दोन्ही

पुण्याच्या कडेला घर घेणाऱ्यांची ठरलेली तडजोड म्हणजे टँकर. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही त्यातलीच. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येत आहेत. बांधकाम परवानगी घेताना बिल्डर अनेकदा हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी तो पुरवेल. सोसायटी स्थापन होऊन कारभार रहिवाशांकडे आला की टँकरचं बिल त्यांच्या मेंटेनन्समध्ये येतं. साइटवर विचारलं तर "बोअर आहे, कॉर्पोरेशनची लाइनही येतेय" असं उत्तर मिळतं. शेजारच्या, आधीच राहायला आलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारलं तर एप्रिल-मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात तो आकडा मिळतो.

दुसरी बाजू पुराची. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यानंतर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्याच नदीकाठी 'रिव्हर व्ह्यू' घरं विकली जातात. नदीची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. प्रकल्प या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे विकास आराखड्यात कळतं.

कागदपत्रांवर केलेली तडजोड

आतापर्यंतच्या सगळ्या तडजोडी गैरसोयीच्या होत्या. पुढची घरच घालवू शकते.

मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकात तिथल्या इमारतींवर मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. लोकांनी ते फ्लॅट घेतले, पंचवीस-तीस वर्षं राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवलं आणि २०१४ मध्ये त्या घरांचं पाणी, गॅस आणि वीज तोडण्यात आली. हे लोक गरीब नव्हते, वकील करण्याइतके पैसे त्यांच्याकडे होते. तरी उपयोग झाला नाही.

कल्याण-डोंबिवलीतलं प्रकरण अधिक अस्वस्थ करणारं आहे. तिथे ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्या दाखवून महारेराची नोंदणीही मिळवण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथे राहणाऱ्या हजारो कुटुंबांपैकी अनेकांनी बँकेचं कर्ज काढलं होतं, मुद्रांक शुल्क भरलं होतं, दस्त नोंदवला होता, महारेराचा क्रमांक बघितला होता. सामान्य खरेदीदाराला जेवढं तपासायला सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक त्यांनी केलं होतं.

नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडल्या गेल्या. त्यातली जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आरक्षित होती. तिथल्या अनेकांना मात्र तडजोडीची कल्पना होती. आजूबाजूच्या भावापेक्षा घर बरंच स्वस्त होतं आणि 'इथे सगळंच असं आहे' हे उत्तर पुरेसं वाटलं होतं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला म्हणजे इमारत कायदेशीर आहे असं सिद्ध होत नाही. तिथे व्यवहाराची नोंद होते, बांधकाम परवानगीची शहानिशा होत नाही. घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांनीही इमारत अधिकृत होत नाही. महापालिका बेकायदा बांधकामाकडूनही कर घेते, उलट जास्तच. पिंपरी-चिंचवडमध्ये 'शास्तीकर' हा शब्द कितीतरी घरांत याच कारणाने पाठ झाला होता. तो राज्य सरकारने २०२३ मध्ये माफ केला, पण कर माफ झाला म्हणून बांधकाम नियमित झालं नाही.

मग बघायचं काय? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर आराखडा, किती मजल्यांना परवानगी आहे, ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली आणि कोणते खटले चालू आहेत ते बघता येतं. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन तो महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन किंवा माहिती अधिकारात विचारून पडताळता येतो. कल्याण-डोंबिवलीने शिकवलेली गोष्ट ही, की कागद दिसणं पुरेसं नाही, तो ज्या कार्यालयाने दिला त्या कार्यालयात तो असायला हवा. जमिनीच्या सातबाऱ्याचा आणि मालकीहक्काचा शोध घेणारा वकील स्वतःचा असावा, बिल्डरने सुचवलेला नको. पंधरा-वीस हजारांची ही फी वाचवणं ही साठ लाखांच्या व्यवहारातली सगळ्यात विचित्र काटकसर आहे.

ओसी नसलेल्या इमारतीत 'सगळे राहतात की' असं म्हणून ताबा घेणं फार सर्रास आहे. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली असून राहायला योग्य आहे हे महापालिकेचं म्हणणं. ते नसेल तर पाण्याची जोडणी, पुढची विक्री आणि त्या खरेदीदाराचं कर्ज, सगळीकडे अडतं. गुंठेवारीतल्या घरांचंही असंच. स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँका कर्ज देत नाहीत आणि बिल्डर म्हणतो, "आमच्या ओळखीची पतसंस्था आहे", तर मोठ्या बँकेने नकार का दिला हे आधी शोधायला हवं.

म्हाडाची वाट बघायची का?

कागदपत्रांची भीती नको म्हणून अनेक जण म्हाडाच्या सोडतीकडे वळतात. २०२४ मध्ये मुंबई मंडळाच्या २,०३० घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले होते. इथली तडजोड म्हणजे वाट बघणं आणि निवड न करता येणं. मजला, इमारत नशीब ठरवतं, घर पाच वर्षं विकता येत नाही, आणि उच्च गटातल्या काही घरांच्या किमती इतक्या होत्या की सोडत लागलेल्यांनीही ती परत केली. अर्ज करत राहायला हरकत नाही. फक्त सोडत लागेल म्हणून बाकी सगळं थांबवू नये.

आणि भाड्याने राहणं? वरच्या उदाहरणातला ६० लाखांचा फ्लॅट पुण्यात साधारण १८-२० हजारांत भाड्याने मिळू शकतो, हप्त्याच्या निम्म्यात. हिशोबाने पाहिलं तर बरीच वर्षं भाडं परवडतं. पण अकरा महिन्यांनी घरमालकाचा फोन, मुलांची शाळा बदलणं, आणि लग्नाच्या बोलणीत "स्वतःचं घर आहे का?" हा प्रश्न, यांना हिशोबात जागा नसते. लोक घर घेतात ते बऱ्याचदा या फोनपासून सुटण्यासाठी.

दुरुस्त होणारं आणि न होणारं

घरं बघून थकल्यावर सगळीच घरं सारखी वाटायला लागतात. तेव्हा एक साधा प्रश्न कामी येतो: हे पाच वर्षांनी पैसे घालून बदलता येईल का? टाइल्स, किचनचा ओटा, रंग, बाथरूम, जुनं वायरिंग हे सगळं बदलता येतं, आणि या गोष्टी खराब असल्या तर भावही कमी करून मिळतो. गंमत म्हणजे सॅम्पल फ्लॅटमध्ये डोळे दिपवतात त्या याच गोष्टी. क्लब हाउस आणि स्विमिंग पूल तर पहिल्या उन्हाळ्यानंतर फारसं कोणी वापरत नाही, मेंटेनन्स मात्र दर महिन्याला सगळे भरतात.

स्टेशनपासूनचं अंतर, खिडकीबाहेरची भिंत, नदीची पातळी, नळाला येणारं पाणी आणि इमारतीची परवानगी हे एकट्या घरमालकाला बदलता येत नाही. यातल्या अंतरावर विचारपूर्वक तडजोड करता येते, कारण तो त्रास आधी मोजता येतो. परवानगीवर करता येत नाही, कारण तो कधी आणि केवढा येईल हे कोणालाच सांगता येत नाही.

रविवारी सकाळी अकराची साइट व्हिजिट यातलं काहीच दाखवत नाही. त्यापेक्षा एका मंगळवारी सकाळी साडेआठला त्या इमारतीच्या गेटवरून निघून ऑफिसला पोहोचून बघा. जुलैच्या जोरदार पावसानंतर एकदा जाऊन पार्किंगमध्ये पाणी साचलंय का ते बघा. रात्री नऊनंतर जाऊन रस्त्यावर दिवे आहेत का, रिक्षा मिळते का ते बघा. आणि टेप सोबत असू द्या, बिल्डरच्या पलंगासाठी नाही, घरच्या पलंगाची, फ्रिजची आणि आजीच्या जुन्या कपाटाची मापं लिहून ती नकाशावर लावून बघण्यासाठी.